शालेय ग्रंथालयातील देवघेव : रोजच्या काही अडचणी

प्राथमिक शाळेत ग्रंथपालाचे स्वतंत्र पद सहसा नसते. वर्गाचे अध्यापन, हजेरीपत्रके, पोषण आहाराचा हिशेब यांच्या जोडीला ग्रंथालयाचे काम कोणातरी शिक्षकाकडे येते, आणि बहुधा ते शाळेत सर्वांत शेवटी रुजू झालेल्या शिक्षकाकडे येते. ग्रंथालय म्हणजे तरी काय, तर मुख्याध्यापकांच्या टेबलामागचे एक लोखंडी कपाट. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या २००९ च्या अधिनियमाने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, तेथे वृत्तपत्र, नियतकालिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे आपल्या अनुसूचीत नमूद केले आहे. तेव्हा कपाट असावे की नसावे हा प्रश्न आता उरलेला नाही. त्या कपाटाची किल्ली आठवड्यातून किती वेळा फिरते, हा प्रश्न मात्र उरला आहे.

त्याचे उत्तर दोन नोंदवह्या शेजारी ठेवून वाचल्या असता मिळते. दाखल नोंदवही बहुतेक शाळांत नीटनेटकी असते. क्रमांक, ग्रंथनाम, लेखक, किंमत, सारे रकाने भरलेले असतात. देवघेव नोंदवहीची पहिली दोन पाने जुलै महिन्यात भरलेली आढळतात, पुढे ऑक्टोबरात वाचन प्रेरणा दिनाच्या सुमारास एक पान, आणि त्यानंतर कोरा कागद. अशा शाळेतील पुस्तके पाहावी तर नवी कोरी. तपासणीच्या वेळी ती पाहून समाधान व्यक्त केले जाते, हे त्याहून नवलाचे!

यात शिक्षकाच्या अंगी आळस आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. पुस्तक हरवले तर त्याची किंमत आपल्या पदरून भरावी लागेल, बदलीच्या वेळी कार्यभार देताना यादीतील प्रत्येक पुस्तक मोजून द्यावे लागेल, ही धास्ती त्याच्या मनात असते आणि ती अगदीच निराधार नसते. पगारातून पाचपन्नास रुपये जाण्यापेक्षा चार लोकांत ‘पुस्तके कमी भरली’ असा शब्द ऐकावा लागणे त्याला अधिक जड वाटते. म्हणून तो कपाट बंद ठेवतो.

डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. ग्रंथ उपयोगासाठी आहेत, हा त्यांतील पहिला. त्याचे विवेचन करताना त्यांनी युरोपातील जुन्या ग्रंथालयांत पुस्तके फळीला साखळदंडांनी बांधून ठेवीत असत त्या प्रथेचा दाखला दिला आहे. साखळी गेली, कुलूप राहिले. वास्तविक, वापरात काही पुस्तके नाहीशी होणारच, हे हिशेबाच्या नियमांनीही मान्य केले आहे. केंद्र शासनाच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतील २१५ व्या नियमानुसार, वर्षात वाचनास दिलेल्या दर एक हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकांची हानी वाजवी समजावी असे आहे. मात्र ती अप्रामाणिकपणामुळे वा हयगयीमुळे झालेली नसावी. एक हजार रुपयांहून अधिक किमतीचे किंवा दुर्मिळ पुस्तक गेले तर चौकशी व्हावयाचीच. हा नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेने आपल्या कार्यालयाची पद्धतच पाळावयाची आहे. तथापि त्यामागील विचार घेण्याजोगा आहे. साठ मुलांच्या शाळेत प्रत्येक मुलास आठवड्यास एक याप्रमाणे तीस आठवडे पुस्तक दिले तर वर्षात अठराशे देवघेवी होतात. त्या प्रमाणात नऊ पुस्तके गेली तरी ती वाजवी हानी ठरते. आणि जेथे देवघेव नोंदवही कोरी आहे तेथे एकही पुस्तक हरवले, तर त्याचा खुलासा कशाच्या आधारे करावयाचा? भरलेली नोंदवही हेच शिक्षकाचे खरे संरक्षण होय.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. देवघेवीचा वार बाजाराच्या दिवशी ठेवू नये, कारण त्या दिवशी निम्मी मुले गैरहजर असतात. दोनशे-तीनशे पुस्तकांसाठी ड्यूई यांच्या दशांश वर्गीकरणाचा खटाटोप करण्याचे कारण नाही. गोष्टी, चरित्रे, विज्ञान, कविता अशा चारपाच गटांस रंगीत कागदाच्या पट्ट्या डकवल्या म्हणजे पहिलीचे मूलही पुस्तक जागच्या जागी ठेवते. नोंद पाचवी-सहावीच्या मुलामुलींकडून करवून घ्यावी. परंतु ग्रंथनामाऐवजी दाखल क्रमांक लिहिण्यास सांगावे. एकाच पुस्तकाचे नाव चार जणांनी चार तऱ्हांनी लिहिलेले पुढे कोणासही लागत नाही.

आरंभी मुले पातळ व चित्रांचीच पुस्तके निवडतात, जाडजूड चरित्रांना कोणी हात लावीत नाही. त्यावरून मुलांस टोकू नये. सातवीतील मुलगा दुसरीच्या योग्यतेचे पुस्तक नेत असेल तर त्याला तेवढेच वाचता येते एवढाच त्याचा अर्थ असतो, आणि ही गोष्ट त्याने आपण होऊन शिक्षकास कळवली हे उपकारच समजावेत. जाड पुस्तकास गिऱ्हाईक मिळवून देण्याचा उपाय जुनाच आहे. दहा मिनिटे त्यातील मजकूर मोठ्याने वाचून दाखवावा आणि ऐन रंगात आला की पुस्तक मिटावे. दुसऱ्या दिवशी त्या एका पुस्तकासाठी पाच हात पुढे येतात, आणि मग चिठ्ठ्या टाकण्याची पाळी येते.

सर्वांत नाजूक प्रसंग पुस्तक परत येण्याचा. पानावर हळदीचा डाग असतो, कोपरे तेलकट झालेले असतात, धाकट्या भावंडाने मुखपृष्ठावर पेन्सिलीने रेघोट्या ओढलेल्या असतात. मूल ते पुस्तक पुढे करते तेव्हा त्याची नजर पुस्तकावर नसते, गुरुजींच्या किंवा बाईंच्या चेहऱ्यावर असते. त्या क्षणी कपाळावर आठी पडली तर ते मूल पुन्हा पुस्तक मागण्यास येत नाही, आणि नोंदवहीत त्याचे कारण कोठेही लिहिलेले नसते. डाग पडलेले पुस्तक घरी उघडले गेले होते, एवढे तरी त्यावरून सिद्ध होते. अशा वेळी मुलास शेजारी बसवून पान चिकटवण्यास मदत करू द्यावी.

पावसाळ्याविषयी थोडेच सांगणे पुरे. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढावे, पायांखाली विटा द्याव्यात, उघडीप असेल त्या दिवशी दारे उघडी टाकावीत. कसर खळीच्या वासाने येते, म्हणून डागडुजीच्या खळीत चिमूटभर मोरचूद घालण्याची बांधणीवाल्यांची रीत आहे. परंतु ते विष असल्याने हे काम शिक्षकानेच करावे.

बीड, अहिल्यानगर यांसारख्या जिल्ह्यांत दिवाळीच्या आगेमागे निराळीच अडचण उभी राहते. ऊसतोडीस जाणारी कुटुंबे गाव सोडतात. जाणाऱ्या मुलाच्या नावावर पुस्तक असते. पुस्तक आधी परत घ्यावे, म्हणजे नोंदवही स्वच्छ राहते, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. परंतु पुढील पाच महिने ज्या कोपीत ते मूल राहणार तेथे दुसरे छापील अक्षर असण्याचा संभव फार कमी. यास्तव पुस्तक परत न घेता, शक्य तर आणखी एक द्यावे, हेच योग्य होय. जीर्ण झालेल्या प्रतींतून निवडावे, शेऱ्याच्या रकान्यात ‘स्थलांतर’ असे लिहून तारीख घालावी. पालकाची सही किंवा अंगठा घेण्याचे कारण नाही. त्याने पुस्तक सुरक्षित राहत नाही, पालक मात्र भिऊन ते पेटीच्या तळाशी ठेवतो. मूल गावातील हंगामी वसतिगृहात राहणार असेल तर पाचदहा पुस्तकांचा संच तेथेच ठेवावा. यांतील काही पुस्तके जूनमध्ये परत येतील, काही पाचटाबरोबर जातील.

फाटून निकामी झालेली पुस्तके परस्पर रद्दीत घालू नयेत. वर्षातून एकदा त्यांची यादी करावी, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेपुढे ठेवावी आणि निर्लेखनाची मान्यता वरिष्ठ कार्यालयाकडे मागावी. मान्यता येईपर्यंत ती निराळ्या गठ्ठ्यात बांधून ठेवावीत. मान्यतेनंतर त्यांतील चित्रे वर्गाच्या भिंतीस उपयोगी पडतात.

राहता राहिली उन्हाळ्याची सुट्टी. एप्रिलअखेर सारी पुस्तके गोळा करून कपाट बंद करण्याची प्रथा सर्वत्र आहे. मुलांना वाचण्यास सर्वाधिक वेळ असतो ते दीड महिने पुस्तके अंधारात राहतात. बदलीची शक्यता असल्यास कार्यभाराची यादी ‘कपाटात’, ‘वाचकांकडे’ आणि ‘निर्लेखनास योग्य’ अशा तीन रकान्यांत करावी. येणाऱ्या शिक्षकानेही दुसऱ्या रकान्यातील पुस्तके कमी भरली असे न धरता, देवघेव नोंदवहीशी पडताळून त्यावर सही करावी, आणि शाळा उघडताच पहिल्या आठवड्यात ती मुलांकडे मागावीत.