पिकअप घेताय? आधी रस्ता, वजन आणि गॅरेज बघा

मुरबाड, शहापूर, भिवंडी आणि कल्याण ग्रामीणच्या सभासदांसाठी आजचा मेसेज जरा लांब आहे. एका दमात वाचून होत नसेल तर स्टार करून ठेवा, पण गाडीच्या बुकिंगचे पैसे देण्याआधी वाचा.

पावसाळ्यानंतरची भेंडी, काकडी, गवार सुरू व्हायच्या आत गाडी दारात हवी, म्हणून काही सभासद शोरूमच्या चकरा मारतायत. कंपनीकडे प्रश्न एकच येतो : "बोलेरो घेऊ की इंट्रा? दोस्त कशी? छोटा हत्ती पुरेल का?" शोरूमवाला आपलीच गाडी चांगली म्हणणार. ड्रायव्हर ज्या गाडीवर शिकला तिचंच कौतुक करणार. आणि आपल्याकडे कोणत्या मॉडेलची गाडी किती वेळा बंद पडते याचे आकडे कंपन्या छापून वाटत नाहीत. म्हणून तुलना आपल्यालाच करावी लागते.

*भरवशाची गाडी म्हणजे काय?*
आपल्यासाठी अर्थ सरळ आहे. रात्री दोनला माल भरला की पहाटे बाजार समितीत गाडी लागलीच पाहिजे. बिघाड झालाच तर संध्याकाळपर्यंत परत रस्त्यावर आली पाहिजे. यातला दुसरा भाग लोक विसरतात.

हिशेब करून बघा. समजा गाडीत १२०० किलो भेंडी आहे आणि भाव किलोला ३० रुपये. माल झाला ३६ हजारांचा. गाडी वाटेत बंद पडली, बाजारात उशिरा पोचलात, आणि भाव तीस टक्क्यांनी पडला, तर एका फेरीत १०,८०० रुपये गेले. शोरूममध्ये २० हजार स्वस्त मिळालेली गाडी अशा दोन फेऱ्यांत महाग पडते. त्यात टोइंग, मेस्त्री आणि दुसऱ्या दिवशीची न तोडलेली, जून झालेली भेंडी धरलेलीच नाही. हप्ता मात्र ठरल्या तारखेला बँक कापून घेतेच.

*आता गाड्या*
आपण सरसकट सगळ्यांना टेम्पो म्हणतो. बजाज टेम्पो कंपनीची तीनचाकी रस्त्यावर आली तेव्हापासूनची ही सवय आहे. पण टेम्पो आणि टेम्पोत फरक आहे, आणि पहिला फरक इंजिनाच्या आकाराचा.

टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, २००५ साली आला तेव्हा त्याचं डिझेल इंजिन दोन सिलिंडरचं, ७०२ सीसीचं होतं. वजन साधारण पाऊण टन न्यायचं, तेही गावात आणि शहरात, यासाठी ती गाडी बनली. डोंबिवलीच्या सोसायट्यांत भाजीची पाकिटं पोचवायला, अरुंद गल्लीत वळायला ती उत्तम. पण तिच्यात सव्वा टन भरून माळशेज चढवला की क्लच आणि इंजिनाचं हेड पहिले बोलतात. तिथे गाडी वाईट नसते, काम चुकीचं दिलेलं असतं. मारुती सुपर कॅरीचंही तसंच. चार सिलिंडरचं १.२ लिटर पेट्रोल इंजिन आहे, चालायला गोड, कारसारखी. पण क्षमता पेट्रोलमध्ये ७४० किलो आणि सीएनजीमध्ये ६२५. सिलिंडरचं वजन मालातूनच वजा होतं, हे ध्यानात ठेवा.

मधल्या वर्गात इंट्रा आणि दोस्त. इंट्रा नाव एकच, आतली गाडी वेगळी. व्ही१० ला दोन सिलिंडरचं ७९८ सीसी इंजिन आणि एक टन क्षमता. व्ही३० ला चार सिलिंडरचं १४९६ सीसी आणि १३०० किलो. व्ही५० दीड टनाची. "शेजाऱ्याची इंट्रा मस्त चालते" असं कोणी म्हटलं तर आधी विचारा, कुठली इंट्रा? अशोक लेलँड दोस्त २०११ मध्ये निसानच्या भागीदारीत आली, तीन सिलिंडरचं सुमारे दीड लिटरचं इंजिन. पुढे निसान बाजूला झाली, गाडी राहिली. २०२० मध्ये मोठी 'बडा दोस्त' आली. सव्वा ते दीड टन माल, डांबरी रस्ता, शहापूर ते कल्याण किंवा भिवंडी ते वाशी असा रोजचा प्रवास असेल तर या दोन्हींचा विचार जरूर करा.

मोठ्या वर्गात महिंद्रा बोलेरो पिकअप आणि टाटा योद्धा. बोलेरो पिकअपचं जुनं ओळखीचं इंजिन अडीच लिटरचं (२५२३ सीसी), योद्धाचं २.२ लिटर. मोठं इंजिन कमी फेऱ्यांवर, न धापता ओढतं, म्हणून चढावर आणि चिखलात टिकतं. २०२२ मध्ये योद्धा दोन टनांपर्यंत गेली, २०२३ मध्ये बोलेरोची 'मॅक्स' मालिका १.३ पासून २ टनांपर्यंत आली. डिझेल या गाड्या जास्त पितात. अर्धी रिकामी फिरवली तर किलोमागचा खर्च अंगावर येतो.

बोलेरो पिकअप या वर्गात सर्वांत जास्त खपते. त्याचा आपल्याला फायदा इंजिनापेक्षा वेगळाच आहे. टोकावड्याला असो, किन्हवलीला असो, ती उघडलेला मेस्त्री सापडतो, क्लच प्लेट आणि व्हील बेअरिंग जवळच्या दुकानात मिळतं. कागदावर थोडी सरस असलेली गाडी पार्टसाठी तीन दिवस उभी राहणार असेल तर आपल्या धंद्यात ती मागेच. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे : पाड्यापर्यंतचा कच्चा रस्ता, चढ आणि टनाच्या वर माल असेल तर मोठी पिकअप, डांबरीवर टन-सव्वा टन असेल तर इंट्रा व्ही३० किंवा दोस्त, यात तुमच्या जवळ ज्याचं वर्कशॉप ती, फक्त शहरात वाटप असेल तर छोटी गाडी. ब्रँडचा क्रम याच्या नंतर.

*वजनाची फसगत*
गाडी बिघडण्याचं आपल्याकडचं सर्वांत मोठं कारण ब्रँड नाही, जादा माल आहे. १३०० किलोच्या गाडीत ६० क्रेट भरले, प्रत्येकी २० किलो, म्हणजे १२०० किलो. वाटतं, शंभर किलो अजून शिल्लक. पण रिकामा क्रेट दीड-दोन किलोचा असतो. साठ क्रेटचे झाले ९० ते १२० किलो. वर दोन हमाल बसले की गाडी क्षमतेबाहेर गेली, आणि आपण तर सहसा ६० वर थांबतच नाही.

मग कोणीतरी सांगतं, मागे एक पाटा वाढव. पाटा वाढवला की गाडी बसत नाही, दिसायला ताठ राहते. पण ब्रेक तेवढेच, बेअरिंग तेवढेच, एक्सल आणि चेसिसही तेवढीच. मुंब्रा बायपासच्या उतारावर थांबवायचं काम पाटा करत नाही. शिवाय वॉरंटीचा दावा करायला गेलात की पहिलं बोट त्या जादा पाट्यावर. कायद्यात जादा वजनाला २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार दंड आहे. आरसीवरचं एकूण वजन वजा रिकाम्या गाडीचं वजन, ही तुमची खरी क्षमता. हौदा लोखंडी पत्र्याने उंच करून घेतला असेल तर ते वजनही त्यातच धरा.

*बीएस-६ गाडीचे लाड*
१ एप्रिल २०२० नंतरच्या गाड्या बीएस-६. "जुन्या गाड्या दणकट, नव्या नाजूक" असं गॅरेजात ऐकू येतं. अर्धं खरं आहे. नव्या डिझेल गाडीत सेन्सर आहेत, इंजेक्टर बारीक आहेत, आणि बहुतेकांत सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी, डीपीएफ, आहे. ही जाळी साफ व्हायला गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. आपली गाडी कल्याण-शिळ रस्त्यावर तासभर रांगत असेल किंवा दिवसभर कल्याण-डोंबिवलीतच दोन-दोन किलोमीटर फिरत असेल, तर काजळी साचते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. दिवा लागला की मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे गाडी मोकळ्या रस्त्यावर चालवा. दिव्यावर चिकटपट्टी लावून आठवडा काढला तर खर्च हजारांत जातो. ज्याचं काम पूर्ण शहरातलं आहे त्याने डिझेलचा हट्टच का करावा? त्याला सीएनजी किंवा पेट्रोल बरं. फक्त सीएनजीची रांग तुमच्या निघायच्या वेळेत बसते का ते आधी पंपावर जाऊन बघा, आणि सिलिंडरची तपासणी दर तीन वर्षांनी करायची असते.

काही मॉडेलना डिझेलशिवाय युरियाच्या द्रावणाची, डीईएफची, वेगळी टाकी असते. त्यात पंपावर किंवा डीलरकडे मिळणारंच द्रावण घाला. *गोणीतला युरिया पाण्यात विरघळवून घालू नका.* हसू नका, हा प्रश्न आलेला आहे. आपल्या गोणीतला युरिया २०१५ पासून निंबोळीचं लेपण केलेला असतो. पिकाला चांगला, गाडीला विष.

*पाऊस आणि गंज*
रायत्याच्या पुलावर उल्हास नदी येते तेव्हा काय होतं ते मुरबाडच्या लोकांना सांगायला नको. २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती. तिथे पिकअपची काय कथा. गाडी बघताना हवा ओढणारं तोंड, म्हणजे एअर फिल्टरची नळी, किती उंचीवर आहे ते बॉनेट उघडून किंवा सीट उचलून बघा. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर त्या एका सेल्फने कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाहेर काढा, ओढून गॅरेजला न्या. विमा घेताना "पाण्यात इंजिन गेलं तर भरपाई मिळेल का?" हे विचारून लेखी उत्तर घ्या. डिझेल फिल्टरमधलं पाणी पावसाळ्यात वेळेवर काढा.

*जुनी घेत असाल तर*
तिने आधी काय वाहिलं ते विचारा. मासळीच्या गाड्यांत बर्फाचं खारं पाणी महिनोन् महिने हौद्यातून चेसिसवर ठिबकतं. वरून रंग नवा, खाली चेसिस पोखरलेली. खाली झोपून टॉर्च मारा, स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. पपडी सुटली तर सौदा सोडा. मागच्या पाट्यांची संख्या मोजा, जादा पाटा दिसला तर गाडीने आयुष्यभर काय सोसलंय ते कळलं. सर्व्हिसचे कागद बघा. रात्रभर उभी असलेली थंड गाडी स्वतः सुरू करून बघा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. फिटनेस तपासा : पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी.

रिकॉलची चौकशीही करा. कंपनीला एखाद्या भागात दोष आढळला की ती गाड्या बोलावून फुकट दुरुस्त करते. २०१८ च्या डिसेंबरात मारुतीने ५,९०० सुपर कॅरी फ्युएल फिल्टरसाठी बोलावल्या. २०२१ मध्ये महिंद्राने जानेवारी २०२० ते फेब्रुवारी २०२१ दरम्यान बनलेल्या २९,८७८ पिकअप एका पाइपच्या तपासणीसाठी बोलावल्या. रिकॉलमध्ये नाव आलं म्हणून गाडी टाकाऊ होत नाही. पण पहिल्या मालकाने ते काम करून घेतलं का, हे चेसिस नंबर देऊन डीलरकडे विचारता येतं.

*कागदाचं थोडक्यात*
एकूण वजन ३००० किलोपर्यंत असेल तर मालवाहतुकीचं परमिट लागत नाही, त्याच्या वर लागतं. साध्या एलएमव्ही लायसन्सवर ७५०० किलोपर्यंतची मालगाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला पक्कं केलं आहे. अपघातानंतर विमावाल्याने लायसन्सचं कारण काढलं तर हे लक्षात असू द्या.

*वही*
ज्यांच्याकडे आधीच गाडी आहे त्यांच्याकडे एक मागणं. आजपासून एक शंभर पानी वही गाडीत ठेवा. तारीख, किलोमीटर, भरलेलं वजन, डिझेल किती, काय बिघडलं, किती तास उभी राहिली, किती पैसे गेले. एवढंच. ड्रायव्हरला नीट लिहिता येत नसेल तर त्याने रात्री व्हॉइस मेसेज करावा, आपण लिहून घेऊ. मॉडेलचं पूर्ण नाव आणि वर्ष पहिल्या पानावर टाका, नुसतं "इंट्रा" किंवा "बोलेरो" नको. तीन महिन्यांनी पानांचे फोटो याच नंबरवर पाठवा. पुढच्या हंगामात कंपनी भाड्याने कोणत्या गाड्या लावणार ते या वह्यांवरून ठरेल. ज्यांना नवीन घ्यायची आहे त्यांनी त्याआधी सही करायची घाई असेल तर निदान एक दिवस तीच गाडी भाड्याने घेऊन, आपलाच माल भरून, आपल्याच रस्त्याने बाजारात नेऊन बघावी.