मिनी ट्रॅक्टरला बॅकहो जोडण्यापूर्वी

शाळेच्या स्मरणिकेत खोदाईच्या यंत्रावरचा लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. तरीही हा विषय आम्ही विचारपूर्वक निवडला आहे. सामाजिक न्याय विभागाच्या योजनेतून अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या स्वयंसहाय्यता बचत गटांना ९ ते १८ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर आणि त्याची उपसाधने मिळत आली आहेत. उपसाधने म्हणजे कल्टिव्हेटर किंवा रोटाव्हेटर, आणि ट्रेलर. साडेतीन लाख रुपयांच्या मर्यादेत ९० टक्के अनुदान शासनाचे व १० टक्के हिस्सा गटाचा, अशी तिची रचना. ट्रॅक्टर दारात उभा राहिला की वर्ष-दोन वर्षांत कोणीतरी सुचवतोच : याच्या मागे बॅकहो लावा, गावात खोदाईची कामे पुष्कळ आहेत, हप्ते सहज फिटतील. या उपसाधनाला अनुदान नसते, म्हणून कर्जाची गोष्ट निघते. त्या कर्जाच्या कागदावर अंगठा किंवा सही उमटण्यापूर्वी जो अभ्यास व्हायला हवा, तो येथे मांडत आहोत.

बॅकहो म्हणजे मागे ओढणारी यांत्रिक कुदळ. माती पुढे ढकलायची नाही, तर बादली दूर टेकवून यंत्राकडे ओढून घ्यायची, हे तिचे तत्त्व. आपल्याकडे तिला सर्रास ‘जेसीबी’ म्हणतात, कारण इंग्लंडमधील जे. सी. बॅमफर्ड यांच्या कारखान्याने १९५३ मध्ये ट्रॅक्टरच्या पुढे लोडर आणि मागे बॅकहो अशी जोडी बसवली, आणि १९७९ पासून बल्लभगड येथे त्यांचे उत्पादन भारतातही सुरू झाले. एका कंपनीचे नाव अख्ख्या जातीच्या यंत्रांना चिकटले. नावाच्या या सारखेपणाने फसगत मात्र होते. रस्त्यावर दिसणारा पिवळा जेसीबी सात-आठ टनांचा असतो आणि मुळापासून खोदाईसाठीच बांधलेला असतो. आपला मिनी ट्रॅक्टर सहाशे ते नऊशे किलोंच्या आसपासचा, आणि तो नांगरणी-वखरणी व ट्रेलर ओढण्यासाठी घडवलेला आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ मध्ये भारतातील लहान धारणक्षेत्रांवर एक निबंध लिहिला. जर्नल ऑफ द इंडियन इकॉनॉमिक सोसायटीमध्ये तो प्रसिद्ध झाला. शेताचे तुकडे मोठे केले की शेती सुधारेल, असे त्या काळी मोठमोठे अर्थतज्ज्ञ सांगत होते. बाबासाहेबांनी प्रश्नच बदलला. शेत लहान की मोठे, हे एकरांवरून ठरत नाही. त्या शेताला जोडलेले भांडवल, अवजारे व श्रम यांच्याशी त्याचे प्रमाण कसे आहे यावरून ठरते, असा त्यांचा युक्तिवाद होता. इतिहासाच्या वर्गात हा निबंध आम्ही जमीनधारणेच्या संदर्भात शिकवतो. पण अवजार विकत घेणाऱ्या माणसाने तो उलट्या बाजूने वाचावा. अवजार चांगले की वाईट, हा प्रश्न एकट्या अवजाराचा नसतो. ते कोणत्या ट्रॅक्टरला लागणार, तो ट्रॅक्टर कोणत्या जमिनीत उभा राहणार आणि वर्षातून किती तास चालणार, या प्रमाणांतून त्याचे उत्तर येते.

पहिले प्रमाण वजनाचे. साधारण सहा फूट खोल खणणाऱ्या लहान बॅकहोचे वजनच तीनशे किलोंच्या पुढे जाते. ते सगळे ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांच्याही मागे लटकते, त्यामुळे पुढची चाके हलकी होतात आणि चढावर किंवा खड्ड्यात स्टिअरिंग काम करेनासे होते. विक्रेता म्हणेल, ट्रॅक्टरची लिफ्ट सातशे किलो उचलते. खरे आहे; पण तो आकडा खालच्या दोन लिंकच्या टोकाशी मोजलेला असतो. बॅकहोचा गुरुत्वमध्य त्याच्याही बराच मागे असतो आणि बादली भरून हात लांबवला की तो आणखी मागे सरकतो. म्हणून लिफ्टच्या आकड्यावर निर्णय घेऊ नये.

याहून महत्त्वाची गोष्ट जोडणीची आहे, आणि येथे वाचकांनी थोडे थांबावे. बॅकहो दोन रीतींनी बसतो. एका रीतीत तो नांगरासारखा थ्री पॉइंट लिंकेजवर अडकवतात. स्वस्त पडतो, अर्ध्या तासात लागतो व निघतो. दुसऱ्या रीतीत ट्रॅक्टरच्या पोटाखालून पुढच्या भागापर्यंत एक लोखंडी चौकट जाते, तिला सबफ्रेम म्हणतात, आणि बॅकहो त्या चौकटीवर बसतो. कल्टिव्हेटरचा ताण बहुतांशी एकाच दिशेचा, मागे ओढणारा असतो. बॅकहोचा ताण मात्र खाली, वर, आडवा असा क्षणोक्षणी बदलतो. बादलीचे दात दगडात अडकले की सगळा झटका लिंकेजवर येतो आणि तेथून मागच्या हौसिंगवर. ही हौसिंग ओतीव लोखंडाची असते. ती वाकत नाही, तडकते. ती तडकली की ट्रॅक्टरचे दोन भाग करण्यावाचून दुरुस्ती नाही. लिंकेजवरच्या बॅकहोत आणखी एक धोका आहे. टॉप लिंक तुटली किंवा पिन निसटली, तर बॅकहोचा सांगाडा पुढे वळून आसनावरच्या माणसाला चेपू शकतो. चालवणारा गटातलाच कोणी तरुण असणार. तेव्हा सबफ्रेम नसलेला बॅकहो लहान ट्रॅक्टरला लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. सबफ्रेम त्याच मॉडेलसाठी बनवलेली असावी, आणि बॅकहो लावल्याने ट्रॅक्टरची वॉरंटी राहते की जाते हे ट्रॅक्टरच्या कंपनीकडून लेखी घ्यावे. गावच्या वर्कशॉपमध्ये अंदाजाने वेल्डिंग केलेली चौकट ही सबफ्रेम नव्हे.

हायड्रॉलिकचे गणित दहावीच्या विद्यार्थ्यालाही जमेल. तेलाच्या दाबावर बादलीचा जोर ठरतो आणि मिनिटाला किती लिटर तेल येते यावर हाताचा वेग. लिटर आणि बार यांचा गुणाकार करून त्याला ६०० ने भागले की किलोवॅट मिळतात. मिनिटाला २० लिटर व १५० बार असतील, तर ५ किलोवॅट, म्हणजे पावणेसात अश्वशक्ती एकट्या पंपाला लागते. पंपातील तूट निराळीच. १५ अश्वशक्तीच्या इंजिनाची जवळजवळ निम्मी ताकद येथेच संपली. काही बॅकहो पीटीओवर चालणारा स्वतंत्र पंप व तेलाची टाकी घेऊन येतात. ट्रॅक्टरच्या तेलावर भार न टाकणारी ही सोय चांगली आहे. मात्र टाकी लहान असेल तर वैशाखाच्या उन्हात तेल तापून हात मंदावतो.

आता कामाचे प्रमाण पाहू. लहान बॅकहोची बादली तीस लिटरची धरली, तर भरल्यावर तिच्यात पन्नास किलोंच्या आसपास माती बसेल. तीनशे मीटर लांब, तीस सेंटिमीटर रुंद व साठ सेंटिमीटर खोल पाइपलाइनच्या चरात ५४ घनमीटर माती असते. म्हणजे १८०० बादल्या. मिनिटाला दोन बादल्या निघाल्या तर पंधरा तास. हे काम लहान बॅकहोचे आहे. फळबागेतील मीटरभराचे खड्डे, शौचालयाचे शोषखड्डे, बांधालगतचे गाळलेले चर, ही कामेही त्याचीच, कारण तेथे मोठे यंत्र शिरत नाही किंवा शिरले तर पीक तुडवते. उलट तीस बाय तीस मीटरचे, तीन मीटर खोलीचे उतरत्या बाजूंचे शेततळे घ्या. सुमारे २२०० घनमीटर माती, ७३ हजारांवर बादल्या, सहाशे तासांहून अधिक काम. ते पोकलेनचे काम. तेथे मिनी ट्रॅक्टर लावणे म्हणजे यंत्र आणि माणूस दोघांचीही झीज.

जमीन तर आणखी निर्णायक आहे. आपल्या पठारावर वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा कातळ. काळी माती पावसाळ्यात इतकी मऊ होते की बॅकहोचे आधाराचे पाय खचतात, तेव्हा त्यांच्याखाली रुंद फळ्या हव्यात. मुरमासाठी अरुंद बादली घ्यावी, कारण तोच जोर कमी दातांवर एकवटतो. कातळापुढे लहान बॅकहोचा उपयोग नाही. गावात कातळ हातभरावर लागत असेल तर चर्चा तेथेच संपवावी.

हिशेबाचे एक उदाहरण घेऊ. समजा, बॅकहोची किंमत अडीच लाख आणि मोठ्या जेसीबीचे भाडे तासाला हजार रुपये. अडीचशे तासांत पैसे वसूल, असे वाटते. परंतु मोठे यंत्र एका तासात जे उपसते, त्याला लहान यंत्राला तीन-चार तास सहज लागतात. म्हणजे वसुलीसाठी साडेसातशे ते हजार तास, वर डिझेल, चालकाची मजुरी, बुश-पिना आणि नळ्या. वर्षाला शंभर तासही काम नसलेल्या गटाने या आकड्याकडे शांतपणे पाहावे.

योजनेतील ९ ते १८ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरांपुरते बोलायचे, तर बहुतेक गटांनी बॅकहो घेऊ नये, असेच आम्ही सुचवू. पीटीओवर चालणारे खड्डे पाडायचे गिरमिट या ट्रॅक्टरला अधिक शोभते, तेही लहान व्यासाचे, आणि ट्रेलरची वाहतूक तर हमखास उत्पन्न देते. एखाद्या गटाकडे किंवा कुटुंबाकडे पंचवीस ते तीस अश्वशक्तीचा चारचाकी ओढीचा ट्रॅक्टर असेल, पाइपलाइनची कामे हातात असतील, आणि कंपनीची सबफ्रेम उपलब्ध असेल, तर बॅकहो जरूर पाहावा.

पिढ्यान्‌पिढ्या गावाची खोदाई, कबरीपासून विहिरीपर्यंत, कोणाच्या खांद्यावर होती हे या वाचकांना सांगावे लागत नाही. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने संपली. १९५९ आणि १९६४ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीन जमिनीसाठी तुरुंगात गेले. त्यांच्या नातवंडांच्या हाती कुदळीऐवजी लिव्हर यावा, ही इच्छा आमचीही आहे. म्हणूनच तो लिव्हर सावकाराकडे गहाण पडू नये, याची चिंता वाटते.

यंत्र घरी आलेच, तर चराच्या काठापासून दोन फुटांच्या आत मातीचा ढीग नको. दीड मीटरपेक्षा खोल चरात आधाराच्या फळ्या लावल्याशिवाय कोणीही उतरू नये. एक घनमीटर मातीचे वजन दीड टनाच्या पुढे असते आणि ती ढासळताना आवाजही देत नाही. हात फिरतो त्या वर्तुळात मुले उभी राहता कामा नयेत. प्रात्यक्षिक विक्रेत्याच्या अंगणातील भुसभुशीत मातीत पाहू नये, आपल्याच शेतात, मे महिन्यातील टणक जमिनीत मागावे, आणि बादली मुरमात रुतवून पुढच्या चाकांकडे लक्ष ठेवावे. ती उचलली जात असतील तर विक्रेत्याला चहा पाजून परत पाठवावे.