करवंदीचें जिवंत कुंपण व त्याची लागवड

कोंकणांत व घाटमाथ्यावर सुगी संपली कीं पुष्कळ ठिकाणीं वई घालण्याचें काम निघतें. डोंगरांतील करवंदीच्या जाळ्या तोडून बांधावर रचावयाच्या, पावसाळ्यांत त्या कुजल्या म्हणजे पुढील सालीं पुनः तोच उद्योग करावयाचा, असा परिपाठ आहे. यांत मजुरी तर जातेच. शिवाय डोंगर उघडा पडतो आणि उन्हाळ्यांत द्रोण भरून करवंदें विकणाऱ्या कातकरी व ठाकर बायांची चार पैशांची मिळकत बुडते. जें झुडूप मारून आपण कुंपण करतों, तेंच जिवंत लाविलें तर कुंपण टिकतें व फळही मिळतें. म्हणून त्याच्या लागवडीची माहिती येथें देत आहें.

वर्णन व स्थान.— करवंद हें कण्हेरीच्या कुळांतील सदाहरित काटेरी झुडूप होय. कण्हेरीप्रमाणें यासही पांढरा चीक असतो. परंतु कण्हेर विषारी, तर करवंदाचें फळ खाण्याजोगें, हा मोठा भेद आहे. पानें समोरासमोर व जाड असून काटे जोडीनें येतात. माघ-फाल्गुनांत फांद्यांच्या टोकांस पांढऱ्या सुवासिक फुलांचे झुबके येतात व चैत्र-वैशाखांत फळें काळीं होतात. जांभ्याच्या कातळावर व मुरमाड उतारावर, जेथें दुसरें पीक तग धरीत नाहीं, तेथें हें वाढतें. पाणी साचणारी जमीन मात्र त्यास मानवत नाहीं.

रोपें.— बीं ताजें असावें. साठवणींत त्याची उगवणशक्ति लवकर जाते. पूर्ण पिकलेलीं मोठीं फळें निवडून, गर धुवून, बीं सावलींत सुकवावें व थोड्याच दिवसांत पिशव्यांत पेरावें. रोपें आरंभीं सावकाश वाढतात, म्हणून तीं एक वर्ष सांभाळून पुढील मृगांत लावावीं. बियांपासून झालेल्या झाडांचीं फळें एकसारखीं निघत नाहींत. विशिष्ट जात हवी असल्यास पावसाळ्यांत गुटी बांधावी. दापोलीच्या कृषि विद्यापीठाची 'कोंकण बोल्ड' ही मोठ्या फळांची जात प्रसिद्ध आहे.

लागवड.— कुंपणासाठीं २ ते ३ फूट अंतरावर एक फुटाचे खड्डे घेऊन, शेणखत व माती भरून रोपें लावावीं. फळांसाठींच लावावयाचीं असल्यास ८ ते १० फूट अंतर ठेवावें. पहिले दोन उन्हाळे थोडें पाणी द्यावें व गुरांपासून राखण करावी. पुढें झुडूप पावसाच्या पाण्यावर राहतें.

छाटणी.— फूल फांदीच्या टोकास येतें, हें ध्यानांत ठेवावें. वारंवार कातरलेलें कुंपण दाट होतें, पण फळ देत नाहीं. दोन्ही हवें असल्यास फळें उतरल्यावर, पावसाच्या तोंडीं एकदांच छाटणी करावी. पावसाळ्यानंतर कोयती लावूं नये.

उपयोग.— कच्च्या फळांचें लोणचें होतें. त्यांत पेक्टिन असल्यामुळें जेलीही चांगली धरते. पिकलें फळ दोनतीन दिवसांपलीकडे टिकत नाहीं, तेव्हां बाजार जवळ नसल्यास तें कच्चेंच काढणें फायद्याचें.

हद्दीविषयीं सूचना.— महसुलाच्या नोकरींत बांधाचे तंटे पुष्कळ पाहिले, म्हणून हें सांगणें अवश्य वाटतें. सूत शेजाऱ्याशीं बोलल्यावांचून धरूं नये. हद्दीविषयीं शंका असल्यास आधीं भूमि अभिलेख कचेरींतून मोजणी करून घ्यावी. जाळी दोन्ही अंगांस पसरते, यास्तव रोपें हद्दीपासून निदान तीन फूट आंत लावावीं व हद्दीचे दगड मोकळे ठेवावे. हद्दनिशाणीची नासधूस करणें हा महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वयें अपराध आहे. बांध सामायिक असेल तर कुंपण व फळें कोणाचीं, हें आधींच लिहून ठेवावें. कुंपण गुरें अडविण्यासाठीं असतें. त्यापायीं भाऊबंद कोर्टांत गेले तर पीक राखून लाभ तो काय?

येत्या वैशाखांत प्रत्येकानें शंभर फळांचें बीं जरी धरिलें, तरी एका बांधाचें काम भागेल.