घर मागणाऱ्याची डच : मराठी विद्यार्थ्याच्या पहिल्या पाठाचा विचार

गिंडी स्थानकाकडून वेळचेरीच्या दिशेने चालत गेले, तर घरांच्या फाटकांवर टांगलेल्या पाट्या दिसतात : 'वीडु वाडगैक्कु', म्हणजे घर भाड्यासाठी. पुण्यात अशीच पाटी 'जागा भाड्याने देणे आहे' असे म्हणते. नेदरलँड्समधील खिडकीवर दोनच शब्द असतात : 'ते ह्यूर'. तमिळ पाटी चतुर्थीने केवळ प्रयोजन सांगते आणि डच पाटीही तेवढेच करते. मराठी पाटीमागे मात्र देणारा कोणी उभा आहे. तमिळ 'वाडगै' हा शब्द आणि आपले 'भाडे' ही दोन्ही संस्कृत 'भाटक' शब्दाशी जोडली जातात. म्हणजे पाटीवरचा शब्द एका कुळातला असूनही वाक्याची ठेवण वेगळी आहे. परभाषा शिकविताना या ठेवणीकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

गिंडीच्या परिसरात शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांची संख्या लहान नाही. १७९४ मध्ये भूमापनाची शाळा म्हणून आरंभ झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय येथेच आहे. १९७८ पासून ते अण्णा विद्यापीठाचा भाग आहे. १९५९ मध्ये स्थापन झालेली तंत्रज्ञान संस्थाही जवळच आहे. यांतील काही विद्यार्थी पुढे डेल्फ्टला जातात : कोणी तेथील तंत्रविद्यापीठात, कोणी १९५७ मध्ये सुरू झालेल्या जलशिक्षणाच्या संस्थेत. निघण्यापूर्वीच्या सहा-आठ आठवड्यांत त्यांपैकी चार-पाच जण रविवारी माझ्याकडे डच शिकावयास येतात. उपलब्ध प्रवेशिका अभिवादन, फळे, घड्याळ आणि कुटुंब या क्रमाने जातात. माझ्या विद्यार्थ्याला सफरचंदाचे नाव महिनाभर न कळले तरी चालेल. खोलीचे बोलणे मात्र तो विमानात बसण्यापूर्वीच सुरू करतो, आणि त्यातील एक शब्द चुकला तर त्याची किंमत युरोत मोजावी लागते.

दुसरी अडचण माध्यमाची आहे. या प्रवेशिका इंग्रजीतून आहेत, आणि जे भेद मराठीत व डचमध्ये दोन्हीकडे स्पष्ट आहेत ते इंग्रजीत नेमके पुसले जातात. 'ह्यूरन' म्हणजे भाड्याने घेणे आणि 'फरह्यूरन' म्हणजे भाड्याने देणे. इंग्रजीत दोहोंना एकच क्रियापद चालते. परिणामी 'फर' हा उपसर्ग विद्यार्थ्याला शोभेचा वाटतो. एका विद्यार्थ्याने डेल्फ्टमधील एका घरमालकास लिहिले, 'इक विल एन कामर फरह्यूरन'. उत्तर आले की आपली खोली कोठे आहे ते कळवावे! मराठीतून विचार केला असता तर ही चूक झाली नसती. 'घेणे' आणि 'देणे' यांत आपली गल्लत होत नाही. भाडेकरू तो 'ह्यूरडर', मालक तो 'फरह्यूरडर'. विकत घेणे 'कोपन', विकणे 'फरकोपन'. मात्र हा नियम सर्वत्र लावू नये. 'फरडीपिंग' म्हणजे मजला, आणि त्याचा शब्दशः अर्थ 'खोल करणे' असा निघतो. वर चढण्याच्या जागेला खोलीवरून नाव पडावे, ही गंमत विद्यार्थ्यांच्या चांगली लक्षात राहते.

'राहणे' या क्रियापदाचेही असेच आहे. 'इक वोन इन गिंडी' म्हणजे मी गिंडीत राहतो. जगण्यासाठी 'लेवन' हे वेगळे क्रियापद आहे. इंग्रजी दोहोंना एकाच शब्दात कोंबते, मराठी कोंबत नाही. शिवाय 'वोनन' या धातूशी 'खेवोन' म्हणजे नेहमीचे, सवयीचे, आणि 'खेवोन्ते' म्हणजे सवय, हे शब्द नात्याने जोडलेले आहेत. आपल्याकडे 'राहणे' पासून 'राहणी' झाली ती याच वाटेने. जेथे माणूस राहतो तेथे त्याची सवय घडते, हे दोन्ही भाषांनी परस्परांना न विचारता नोंदविले आहे.

वाक्यरचनेतही मराठीचा आधार घेता येतो. 'इक विल इन डेल्फ्ट एन कामर ह्यूरन' या वाक्यात मुख्य क्रिया शेवटी येते, जशी 'मला डेल्फ्टमध्ये एक खोली भाड्याने घ्यायची आहे' यात येते. गौण वाक्यात तर क्रियापद शेवटीच जाते : 'इक वेत नीत ऑफ दे कामर नॉख फ्रै इस', म्हणजे खोली अजून रिकामी आहे की नाही ते मला ठाऊक नाही. इंग्रजीच्या वळणाने शिकलेला विद्यार्थी येथे अडखळतो, मराठीचे वळण आठवले की सुटतो. लिंगाची आपल्याला धास्ती नाही. डचमध्ये 'दे' आणि 'हेत' असे दोनच वर्ग आहेत. 'हेत हाउस' नपुंसक आहे, घरही नपुंसक आहे. हा केवळ योगायोग आहे, पण तो पाठांतराच्या कामी येतो. मालकाशी 'यू' आणि सोबत राहणाऱ्याशी 'ये' हे 'तुम्ही' आणि 'तू' समजणाऱ्यास शिकवावे लागत नाही. उच्चार मात्र शिकवावे लागतात. 'हाउस' असे मी लिहितो खरे. पण तो स्वर ओठ गोल करून काढावयाचा असतो आणि देवनागरीत त्याला चिन्ह नाही. 'ख' हा आपला महाप्राण नव्हे, तो फारसी 'खबर'मधील घर्षक ख.

आता 'काल' या शब्दाकडे वळतो. त्याचा अर्थ टक्कल पडलेला, बोडका. घर तीन प्रकारचे असते : 'काल', 'खेस्टॉफेर्ट' आणि 'खेम्योबिलेर्ट'. तिसऱ्यात सामान असते, दुसऱ्यात जमिनीवरचे आच्छादन व पडदे असतात, पहिल्यात काहीच नसते. आधीचा भाडेकरू जमिनीवर घातलेल्या फळ्याही उचलून नेतो, किंवा त्या नव्या भाडेकरूस विकतो. हे सांगितले की वर्गात कोणी विश्वास ठेवत नाही. आपल्याकडे बिऱ्हाड हलविताना पंखे आणि दिवे नेतात, जमीन कोणी नेत नाही. परंतु हाच शब्द भाड्यालाही लागतो. 'काले ह्यूर' म्हणजे केवळ जागेचे भाडे; वीज, पाणी, गॅस आणि सेवाखर्च त्यावर वेगळे. माझ्या एका विद्यार्थ्याने जाहिरातीतील 'काल' शब्दाचा अर्थ सामानरहित खोली असा घेतला, स्वस्तात मिळाली म्हणून घरी कळविले, आणि पहिल्याच महिन्यात शिष्यवृत्तीचा हिशेब कोलमडला. मालकाने त्याला फसविले नव्हते. विशेषण कोणत्या नामाचे आहे, हे त्याने पाहिले नव्हते.

अनामतीची रक्कमही याच शब्दावर अवलंबून आहे. चेन्नईत दहा महिन्यांच्या भाड्याइतका 'अॅडव्हान्स' मागण्याची जुनी प्रथा आहे. तामिळनाडूच्या २०१७ च्या कायद्याने तीन महिन्यांचे प्रमाण घातले तरी ती बोलण्यातून गेलेली नाही. नेदरलँड्समध्ये १ जुलै २०२३ पासून नव्या करारांत अनामत दोन महिन्यांच्या 'काले ह्यूर'पेक्षा अधिक घेता येत नाही. अनामतीस तेथे 'बॉर्ख' म्हणतात. 'बॉर्ख' म्हणजे मुळात हमी. दुसऱ्यासाठी हमी देणे ते 'बॉर्ख स्तान', शब्दशः जामीन उभे राहणे. आपल्या 'जामीन' शब्दातही हमी देणारा माणूस आणि हमी या दोन्ही गोष्टी सामावलेल्या आहेत. पागडीला जवळचा डच शब्द 'स्लोटलखेल्ट', किल्लीचा पैसा. पण महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने पागडीला मान्यता दिली, आणि डच कायदा किल्लीचा पैसा मानीत नाही. कोशात हे दोन शब्द समोरासमोर छापणे धोक्याचे ठरेल.

पहिल्या पाठातले सर्वांत मोलाचे वाक्य कोणते, असे मला विचारले तर मी सांगेन : 'माख इक मे हीर इन्स्ख्रैवन?' मला येथे नाव नोंदविता येईल का? चार महिन्यांहून अधिक राहणाऱ्याने पोहोचल्यापासून पाच दिवसांत नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो. त्यातून नागरिक क्रमांक मिळतो, आणि त्यावाचून पगार व आरोग्यविमा यांची कामे अडतात. पुष्कळ जाहिरातींत लिहिलेले असते, 'खेन इन्स्ख्रैविंग मोखलक', नोंदणी शक्य नाही. प्रत्यक्ष जेथे राहतो तेथे नोंदणी करणे हे कायद्याने कर्तव्य असून मालकाची मनाई त्यास बाधा आणू शकत नाही. तथापि परक्या देशात पहिल्या आठवड्यात कायदा सांगण्याचे बळ कोणाला असते? म्हणून हा प्रश्न पैसे देण्यापूर्वी विचारावा. हे क्रियापद वाक्यात दुभंगते ('इक स्ख्रैफ मे इन'), त्यामुळे व्याकरणासाठीही हा पाठ सोयीचा आहे.

घर मागणारा आणि देणारा यांच्या जागा इतिहासात एकदा उलट्या होत्या. मराठी कागदपत्रांत डचांना 'वलंदेज' म्हणत. वेंगुर्ल्याला त्यांची वखार होती, तिचे अवशेष आजही आहेत. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या आज्ञापत्रात टोपीकरांना समुद्रकाठी जागा देऊ नये, दिलीच तर आत काही कोसांवर द्यावी आणि पक्की इमारत बांधू देऊ नये, असा स्पष्ट उपदेश आहे. व्यापार करू द्यावा, बूड टेकू देऊ नये, असा त्याचा इत्यर्थ. 'खेन इन्स्ख्रैविंग'ची जाहिरात वाचताना मला ते प्रकरण आठवते.

पूर्वकिनाऱ्यावर, चेन्नईच्या उत्तरेस पुलिकत येथे, डचांचा किल्ला होता. त्या वास्तव्याची घरासंबंधीची एक खूण तमिळ बोलीत राहिली आहे : 'कक्कूस', म्हणजे शौचकूप. मूळ डच 'काकहाउस'. झेलंड प्रांताच्या बोलीत 'हाउस'चा उच्चार आजही 'ऊस'च्या जवळ जातो. तमिळ रूप तशा एखाद्या उच्चारावरून आले असणे संभवते. दिव्या भारती यांच्या मैला साफ करणाऱ्यांवरील २०१७ च्या अनुबोधपटाचे नावही तेच आहे. बैठकीच्या खोलीचा किंवा माडीचा शब्द मागे राहिला नाही. ज्याची स्वच्छता एका जातीवर लोटली गेली त्या जागेचा राहिला. गिंडीतल्या विद्यार्थ्याला 'हाउस' शिकविताना मी हा शब्द टाळीत नाही, कारण तो त्याने रस्त्यावर आधीच ऐकलेला असतो.

मागच्या वर्गात करारनाम्याचा नमुना वाचला. त्यात एक कलम होते : 'ऑन्डरह्यूर इस नीत तूखेस्तान'. 'ऑन्डर' म्हणजे खाली, 'ह्यूर' म्हणजे भाडे. एवढे सांगून मी थांबलो. मागच्या बाकावरून गिरगावच्या चाळीत वाढलेला विद्यार्थी म्हणाला, "पोटभाडेकरू ठेवायला मनाई." कोशात मला याहून चांगला प्रतिशब्द सापडला नाही.