एका गेमसाठी कन्सोल घेण्याआधी

पुण्यात तयार झालेला एक गेम जवळजवळ दोन महिने पुण्यातल्या बहुतेक पोरांना खेळताच येत नव्हता. ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हे त्याचं नाव. तो बनवला नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्याच छोट्या स्टुडिओनं. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला निघालेली राजी, तिच्या पाठीशी उभी असलेली दुर्गा, हातात त्रिशूळ, पहाडी चित्रशैलीतून घेतलेले रंग, राजस्थानी धाटणीचे महाल आणि कथा पुढे न्यायला बाहुल्यांचा छायाखेळ, असा सगळा ऐवज त्यात आहे. १८ ऑगस्ट २०२० ला निन्टेन्डोच्या ऑनलाइन कार्यक्रमात तो दाखवला गेला आणि त्याच दिवशी विक्रीला आला, पण फक्त निन्टेन्डो स्विच या कन्सोलवर. निन्टेन्डो तेव्हा भारतात अधिकृतपणे कन्सोल विकतच नव्हती. कॉम्प्युटर, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर तो आला १५ ऑक्टोबरला.

या दोन महिन्यांतच मंडईच्या मागच्या गल्लीतल्या एका घरात बरेच पैसे गेले. ते घर माझ्या बहिणीचं. दाजींचा मंडईत नारळाचा गाळा आहे. भाचा तेव्हा इंजिनिअरिंगला होता, आणि करोनामुळे कॉलेज घरातच आलेलं. अभ्यासासाठी म्हणून घेतलेला कॉम्प्युटर टेबलावर होता, त्यात बरं ग्राफिक्स कार्डही होतं. ‘राजी’चा व्हिडिओ पाहून त्यानं मला फोन केला. “मामा, आपल्या पुण्याच्या लोकांनी केलाय, आणि आपल्याकडे नाही खेळता येत!” त्याचा संताप खरा होता. उरलेला प्रश्न त्यानं पेठेतल्या एका दुकानातून बाहेरदेशी मालाचा स्विच आणून सोडवला.

खोकं घरी आलं तेव्हा त्यातला चार्जर चपट्या पिनांचा निघाला. आपल्या सॉकेटात तो बसेना. मग तापकीर गल्लीत जाऊन कन्व्हर्टर आणला. तो ढिला होता, वायरीला धक्का लागला की चार्जिंग बंद. बिल कच्चं, आणि वॉरंटी म्हणजे दुकानाच्या कार्डामागे पेनानं लिहिलेली एक ओळ. मुख्य अडचण त्यानंतर आली. कंपनीच्या ऑनलाइन दुकानात देशांच्या यादीत भारतच नव्हता. खातं दुसऱ्या देशाचं उघडायचं, त्या देशाचं गिफ्ट कार्ड शोधायचं, ते डॉलरमध्ये आणि वर विकणाऱ्याचं कमिशन. एवढं करून ‘राजी’ चालू झाला, भाच्यानं मनापासून खेळला, आणि दसऱ्याच्या आधीच तोच गेम स्टीम या कॉम्प्युटर-गेमच्या ऑनलाइन दुकानात रुपयांत आला, टेबलावरच्या त्याच कॉम्प्युटरवर चालेल असा. पुढे स्विचचं एक बटण अडकायला लागलं, तेव्हा ते दुकान उघडं सापडलं नाही.

असं आजही घडतं, फक्त कन्सोलचं आणि गेमचं नाव बदलतं. म्हणून कन्सोल की कॉम्प्युटर हा वाद घालणाऱ्या प्रत्येकानं, आणि त्यांना पैसे देणाऱ्या आईबापांनी, काही गोष्टी आधी समजून घ्यायला हव्यात. एखादा गेम ‘फक्त याच कन्सोलवर’ आहे असं कंपनी सांगते, तेव्हा बहुतेक वेळा ती एका मुदतीपुरतं बोलत असते. ती मुदत किती, हा पहिला प्रश्न.

सोनीचं उदाहरण घेऊ, कारण आपल्याकडे कन्सोल म्हटलं की बहुतेकांच्या तोंडी प्लेस्टेशनच येतं. ‘होरायझन झीरो डॉन’ फेब्रुवारी २०१७ ला पीएस ४ वर आला, कॉम्प्युटरवर ऑगस्ट २०२० मध्ये. ‘गॉड ऑफ वॉर’ एप्रिल २०१८ चा, कॉम्प्युटरवर जानेवारी २०२२ मध्ये. ‘स्पायडर-मॅन’ सप्टेंबर २०१८ चा, कॉम्प्युटरवर ऑगस्ट २०२२ मध्ये. म्हणजे साडेतीन-चार वर्षांचं अंतर. पुढे ते आक्रसत गेलं. ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक’ला दोन वर्षंही लागली नाहीत, आणि ऑक्टोबर २०२३ चा ‘स्पायडर-मॅन २’ सव्वा वर्षात, ३० जानेवारी २०२५ ला कॉम्प्युटरवर आला. ‘हेलडायव्हर्स २’ तर ८ फेब्रुवारी २०२४ ला पीएस ५ आणि कॉम्प्युटर दोन्हीकडे एकाच दिवशी आला.

मायक्रोसॉफ्टनं आपले गेम एक्सबॉक्सबरोबरच विंडोजवर द्यायला फार आधीपासून सुरुवात केली होती. २०२४ पासून ते प्रतिस्पर्ध्याच्या घरातही पाठवले : ‘सी ऑफ थीव्ज’ पीएस ५ वर, मग एप्रिल २०२५ मध्ये ‘फोर्झा होरायझन ५’ही. ज्यानं केवळ ‘फोर्झा’साठी एक्सबॉक्स घेतला असेल त्याला हे वाचून काय वाटलं असेल, याची कल्पना मला भाच्याकडे बघून करता येते.

आता यावरून ‘थांबा, सगळं येतंच’ असा सल्ला कोणी दिला तर तोही ऐकू नये. मार्च २०१५ चा ‘ब्लडबोर्न’ घ्या. जगभरचे चाहते दहा वर्षं मागणी करून थकले, पण कॉम्प्युटरसाठी तो निघाला नाही. निन्टेन्डोचे ‘मारिओ’ आणि ‘झेल्डा’ कॉम्प्युटरवर येत नाहीत. तेव्हा कंपनीचा मागचा इतिहास बघायचा, आणि ज्या गेमची कॉम्प्युटरची तारीख जाहीर नाही तो येणार नाही असं धरून हिशेब करायचा. आलाच तर आनंद.

उलट बाजूही लक्षात असू द्यावी. ‘काउंटर-स्ट्राइक २’, ‘डोटा २’, ‘लीग ऑफ लेजेंड्स’ हे कॉम्प्युटरचेच गेम आहेत. ‘व्हॅलोरंट’ २०२० ला कॉम्प्युटरवर आला आणि कन्सोलवर पोचायला २०२४ उजाडलं. आपल्याकडची कॉलेजची मुलं रात्री ज्या गेमसाठी जमतात त्यातले कितीतरी याच यादीतले. मित्र कॉम्प्युटरवर असतील आणि तुमच्याकडे कन्सोल, तर पन्नास हजार खर्चूनही मुलगा एकटाच खेळत बसेल. गेम कोणता, याच्याइतकंच कोणाबरोबर खेळणार हेही विचारायला हवं, आणि दुकानात उभं असताना नेमकं हेच राहून जातं.

‘राजी’च्या निमित्तानं भाच्यानं त्या पुण्याच्या स्टुडिओलाही शिव्या घातल्या होत्या. तिथे मी त्याला अडवलं. २०१७ मध्ये या लोकांनी किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले होते, ठरवलेली रक्कम जमली नाही. तरी त्यांनी गेम पुरा केला. नव्या, अनोळखी स्टुडिओला निन्टेन्डोसारख्या कंपनीच्या कार्यक्रमात जागा मिळणं म्हणजे एका रात्रीत जगभरच्या खेळाडूंसमोर उभं राहणं. त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमसाठी ‘राजी’ला नामांकन मिळालं. स्टीमवर रोज ढिगानं गेम येतात, त्यात पहिल्याच दिवशी हरवून जाण्यापेक्षा दोन महिन्यांची अट पत्करली तर त्यांना बोल लावता येत नाही. पुण्यातल्या खेळाडूला आधी मिळायला हवा होता ही रुखरुख मलाही आहेच. पण असे करार छोट्या स्टुडिओंना जगवतात, आणि पुण्यातून आणखी दहा ‘राजी’ निघायचे असतील तर खेळाडूनं दोन महिने धीर धरणं ही फार मोठी किंमत नाही.

मोठ्या कंपन्यांची गोष्ट निराळी. मायक्रोसॉफ्टनं ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही गेम कंपनी सुमारे ६९ अब्ज डॉलरना घ्यायचं ठरवलं, तेव्हा तिचा ‘कॉल ऑफ ड्यूटी’ प्लेस्टेशनपासून तोडला जाईल का, यावर २०२३ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या न्यायालयात सुनावणी झाली. शेवटी सोनीबरोबर दहा वर्षांचा करार झाला आणि ऑक्टोबरमध्ये व्यवहार पुरा झाला. एक गेम कुठे चालावा याला किती वजन आहे, ते यावरून दिसतं. कॉम्प्युटरच्या जगातही अशी कुंपणं असतात. ‘मेट्रो एक्सोडस’ २०१९ मध्ये आला तेव्हा कॉम्प्युटरवर तो वर्षभर स्टीमऐवजी एपिक या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात विकला गेला. पण तिथे दुसऱ्या दुकानात खातं उघडायला पैसे पडत नाहीत, नवं यंत्र घ्यावं लागत नाही. त्रास होतो तो पासवर्ड लक्षात ठेवण्याएवढाच.

मग कॉम्प्युटरच बरा का? सरसकट नाही. कन्सोलवरून कॉम्प्युटरवर आणलेला गेम नीट चालेलच असं नसतं. २८ मार्च २०२३ ला ‘द लास्ट ऑफ अस पार्ट १’ कॉम्प्युटरवर आला तेव्हाचे पहिले दिवस ज्यांनी अनुभवले त्यांना हे सांगावं लागणार नाही. गेम सुरू केला की आधी शेडर, म्हणजे ग्राफिक्स कार्डासाठीचे छोटे प्रोग्रॅम, तयार होत बसायचे. पडद्यावर टक्क्यांचा आकडा मुंगीच्या पावलानं सरकायचा, पंखे घोंघावायचे, आणि इतकं होऊन गेम मध्येच बंद पडायचा. स्टीमवर घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परत करता येतो. हे दोन तास गेम चालू केल्यापासून मोजले जातात, म्हणजे शेडरमध्ये गेलेला वेळही त्यातच जमा. पुढे दुरुस्त्या येत गेल्या आणि गेम सुधारला. म्हणून कन्सोलवरून येणारा गेम पहिल्या दिवशी घेऊ नये. दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत, आपल्यासारखंच ग्राफिक्स कार्ड असलेल्या माणसांचे अनुभव वाचावेत, मग पैसे भरावेत.

शिवाय ग्राफिक्स कार्डाच्या किमतीचा भरवसा नाही. २०२१ मध्ये चिपचा तुटवडा आणि क्रिप्टोची खाणकामं यांमुळे कार्डं छापील किमतीत मिळेनाशी झाली होती. त्याच वर्षी २ फेब्रुवारीला पीएस ५ भारतात ४९,९९० रुपयांना आला. पहिली खेप बुकिंग उघडताच संपली हे खरं, पण ज्यांना मिळाला त्यांनी त्या पैशांत जे घेतलं त्या तोडीचा कॉम्प्युटर तेव्हा जमवणं अवघड होतं. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये किंमत ५४,९९० झाली. कन्सोल घेताना या आकड्यापुढचे आकडेही धरावेत. दुसरा कंट्रोलर, नवे गेम, आणि विकत घेतलेल्या बहुतेक गेममध्ये इतरांशी ऑनलाइन खेळायचं तर पीएस प्लसची वर्गणी. ‘फोर्टनाइट’सारख्या फुकट गेमना ती लागत नाही, आणि कॉम्प्युटरवर अशी वर्गणीच नसते.

डिस्कचा मुद्दा तर आपल्याकडे सर्वांत मोलाचा. अप्पा बळवंत चौकात अभ्यासाची जुनी पुस्तकं जशी या वर्षीच्या मुलाकडून पुढच्या वर्षीच्या मुलाकडे जातात, तशी गेमची डिस्क फिरते. खेळून झाली की विकायची, मित्राशी बदलायची. कॉम्प्युटरवरचा गेम खात्याला चिकटलेला असतो, तो विकता येत नाही. कन्सोलचं बिनडिस्कचं मॉडेल काही हजारांनी स्वस्त असतं, पण त्यात डिस्क घालायची सोयच नसते. वर्षाला तीन-चार मोठे गेम खेळणाऱ्या घरात वाचलेले ते हजार लवकरच उलटे फिरतात.

सध्या भाच्यासमोर ‘जीटीए ६’ आहे, आणि मंडईच्या आसपासच्या कितीतरी घरांत याच नावावरून आईबापांशी बोलणी चालू असतील. तो बनवणाऱ्या रॉकस्टारनं तो १९ नोव्हेंबर २०२६ साठी जाहीर केला आहे, पीएस ५ आणि एक्सबॉक्स सीरीज एक्स-एसवर. कॉम्प्युटरची तारीख त्या घोषणेत नाही. मागचा इतिहास असा : ‘जीटीए ५’ सप्टेंबर २०१३ चा, कॉम्प्युटरवर एप्रिल २०१५ मध्ये, ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ ऑक्टोबर २०१८ चा, कॉम्प्युटरवर वर्षभरानं, आणि २०१० चा पहिला ‘रेड डेड रिडेम्प्शन’ तब्बल चौदा वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये. आता नोकरीला लागलेल्या भाच्यानं या वेळी वहीत दोन रकाने केले. एकात कन्सोल घेतला तर येत्या तीन वर्षांत त्यावर आणखी कोणते गेम खेळणार त्यांची नावं, दुसऱ्यात आहे तोच कॉम्प्युटर सुधारायचा तर काय बदलावं लागेल ते. पहिल्या रकान्यात एकच नाव असेल तर कन्सोल घ्यायचा नाही, असं आमचं ठरलं होतं. त्याच्याकडे पाच नावं झाली, त्यातली तीन त्याच्या मित्रांच्याही यादीतली. तेव्हा तो पीएस ५ घेईल. डिस्कवाला, भारतात अधिकृत विकला जाणारा, पक्क्या बिलाचा आणि खोक्यावरचा सीरियल नंबर दुकानातच बिलाशी ताडून. गेम बाजारात आल्यावर पहिले काही दिवस लोक काय म्हणतात ते बघून मगच तो डिस्क घेणार आहे. खातं स्वतःच्या नावानं आणि भारताचंच उघडायचं हेही त्यानं लिहून ठेवलंय, आणि त्या खात्याला दाजींचं कार्ड जोडायचं नाही, ही अट माझ्या बहिणीनं घातली आहे.