नवा धर्मग्राम : भिंतींआधी माणसे

वाचन : प्रेषितांची कृत्ये ११:१९-३०, १३:१-३



आपल्या हद्दीतील नव्या वस्तीसाठी स्वतंत्र धर्मग्राम व्हावा, असा विचार सुरू झाल्यापासून पहिला प्रश्न जागेचा आणि दुसरा पैशाचा निघतो. मागच्या रविवारी मात्र मिस्सानंतर एका आजींनी वेगळाच प्रश्न विचारला : "फादर, म्हणजे आता माझ्या घरधन्याची कबर एका चर्चमध्ये आणि माझी मिस्सा दुसऱ्या चर्चमध्ये?" या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय आपली तयारी पुरी होणार नाही.

१. धर्मग्राम म्हणजे काय?

ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेनुसार (कलम ५१५) धर्मग्राम म्हणजे आधी भाविकांचा कायमचा समूह. तो स्थापन करण्याचा अधिकार फक्त बिशपांचा आहे आणि त्यांनीही तो धर्मगुरूंच्या मंडळाचे मत ऐकल्याशिवाय वापरायचा नसतो. चर्च बांधायलाही त्यांची लेखी परवानगी लागते. ती देण्यापूर्वी ते शेजारच्या चर्चच्या धर्मगुरूंशीही बोलतात आणि दोन गोष्टी पाहतात : या चर्चमुळे आत्म्यांचे हित होईल का, आणि बांधकामाला व उपासनेला लागणारी साधने पुरतील का (कलम १२१५). म्हणून "आम्ही वर्गणी काढू आणि बांधू" एवढ्याने भागत नाही.

२. अंत्युखियाचा धडा

अंत्युखियाची ख्रिस्तसभा कोणी सुरू केली? छळामुळे पांगलेल्या साध्या भाविकांनी. त्यांतले काही कुप्र व कुरेने येथील होते, पण त्यांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत. यरुशलेमच्या मंडळीच्या कानी ही वार्ता आली, तेव्हा तिने बर्णबाला पाठवले. तिथले काम पाहून त्याला आनंद झाला. मग त्याने शौलाला शोधून आणले आणि दोघांनी वर्षभर तिथे शिकवण दिली.

पुढे याच अंत्युखियाची पाळी आली. तिथे पाच संदेष्टे व शिक्षक होते : बर्णबा, निगेर म्हटलेला शिमोन, लूक्य, मनाएन आणि शौल. पवित्र आत्म्याने त्यांतले दोघे मागितले, आणि तेही सर्वांत कसलेले. मंडळीने उपवास व प्रार्थना केली, दोघांवर हात ठेवले आणि त्यांना जाऊ दिले. "हे दोघे गेल्यावर आमचे कसे होणार?" अशी तक्रार तिथे वाचायला मिळत नाही.

आपलीही परीक्षा इथेच आहे. गायनमंडळातले चांगले आवाज, धर्मशिक्षणाचे अनुभवी शिक्षक, आजाऱ्यांची विचारपूस करणारी कुटुंबे यांपैकी काही जण तिकडे जातील. उरलेसुरले द्यायचे की उत्तम ते द्यायचे, हे आपण ठरवायचे आहे.

३. तुटणे नव्हे

१९९८ साली मुंबई महाधर्मप्रांतातून वसई धर्मप्रांत वेगळा झाला, तेव्हा नाते तुटले नाही. अंत्युखियाच्या लोकांनीही दुष्काळात यहूदियातील बांधवांना मदत पाठवली.

त्या आजींना सांगायचे ते हेच. ज्यांचा स्नानसंस्कार इथे झाला, त्यांची नोंद इथल्याच पुस्तकात राहील. लग्न कुठेही झाले, तरी त्याची नोंद त्या पानावर येईल (कलम ५३५). आपल्याला कुठे पुरावे, हे निवडण्याची मोकळीकही ख्रिस्तसभा देते, कायद्याने मनाई नसेल तर (कलम ११८०). तेव्हा आजी, कबरीवर मेणबत्ती लावायला तुम्ही याच वाटेने या.

४. आज काय करता येईल?

• नव्या वस्तीत लहान ख्रिस्ती समूह नियमित भरवावा. प्रिस्का व अक्विला यांच्या घरी मंडळी जमत असे (रोम १६:३-५), तशी आपलीही घरे उघडावीत.

• घरोघर जावे. भाड्याने राहणारी, परगावाहून आलेली, चर्चला न येणारी कुटुंबेही आपलीच आहेत.

• वाचक, गायक व धर्मशिक्षक आतापासून जोडीने तयार करावेत : एक जाणारा, एक राहणारा.

• हिशेब आताच वेगळा व उघडा ठेवावा. प्रत्येक धर्मग्रामाला वित्त समिती सक्तीची आहे (कलम ५३७).

इमारतीला उशीर होईल. पण हे चार प्रयत्न झाले, तर बिशप जेव्हा विचारतील, "तिथे समूह आहे का?" तेव्हा आपल्याला दाखवायला माणसे असतील.

समूहात चर्चेसाठी

१. आपल्या वाडीतून कोणाला पाठवणे आपल्याला सर्वांत जड जाईल? का?

२. नव्या वस्तीतील किती कुटुंबांना आपण नावाने ओळखतो?

प्रार्थना : हे प्रभो, जे जातील त्यांना धीर दे, जे राहतील त्यांना उदार मन दे, आणि दोघांनाही एकाच मेजाभोवती राख. आमेन.