माकडहाड : शारीर, चलन व परीक्षण

'कंबर दुखते' असे सांगणारा रुग्ण प्रत्यक्ष बोट कोठे ठेवतो हे पाहिल्याविना निदान करू नये, हा धडा आम्हांस एका बाळंतिणीने दिला. कटिशूल समजून आम्ही तिला तीन महिने तैल व गुग्गुळकल्प दिले. वेदना मात्र बसल्यावर, विशेषतः बसून उठताना होत असे. दोष माकडहाडात होता.

शारीर : सुश्रुताचार्यांनी श्रोणीत पाच अस्थी सांगितल्या, गुद, भग व नितंब यांत मिळून चार आणि त्रिकात एक. त्यांतील गुदाश्रित अस्थी म्हणजेच अनुत्रिकास्थी, असे मानले जाते. तिचे बहुधा चार, क्वचित तीन किंवा पाच खंड असतात. तिच्या कडांना नितंबाची मोठी पेशी व गुद वर धरणाऱ्या पेशी चिकटलेल्या असतात. गुदनलिका तिच्या अगदी पुढे असते.

चलन : हे हाड स्थिर नाही. मलप्रवृत्ती व प्रसूती यांवेळी ते मागे सरते. बसल्यावर बहुधा पुढे वाकते. मागे रेलून बसल्यास त्यावरील भार वाढतो. उभे व बसलेल्या स्थितीतील क्ष-किरण चित्रे ताडून पाहिल्यास सुमारे ५ ते २५ अंशांचे चलन प्राकृत समजतात. केवळ निजवून घेतलेल्या चित्रात अतिचलन दिसेलच असे नाही. आमच्या रुग्णेचे पहिले चित्र असेच निर्दोष आले होते.

परीक्षण : पडल्याचा व प्रसूतीचा इतिहास विचारावा. बाहेरून हाड दाबून पाहावे. आवश्यक तेथे रुग्णाच्या संमतीने गुदपरीक्षण करावे. हे न करता बस्ती योजल्यास नेत्राच्या स्पर्शानेच वेदना वाढण्याचा संभव असतो. ज्वर, शोथ वा पूयस्राव असल्यास भगंदरपिडका व नाडीव्रण यांचा विचार करावा. रात्रीची अविरत वेदना, वजन घटणे किंवा मलमूत्रावरील नियंत्रण जाणे दिसल्यास विलंब न करता तज्ज्ञांकडे पाठवावे.

चिकित्सा : मागील बाजूस खाच असलेली उशी, पुढे झुकून बसणे, मलबद्धता टाळणे, स्थानिक अभ्यंग व मृदु स्वेद यांनी बहुतेकांस उपशम मिळतो. आमच्या रुग्णेसही याच क्रमाने आराम पडला.

औषधविक्रेत्या बंधूंनीही कंबरेचे तेल देण्यापूर्वी 'वाकताना दुखते की बसताना?' एवढे विचारावे. बसताना दुखत असल्यास रुग्णास वैद्याकडे धाडावे.